दाई ‘टारू’ जोन्स : वेल्सचा बैल आणि युनियनचा दांडका

कार्डिफवासी :

वेल्समध्ये रग्बीचा विषय निघाला की गाडी फिरून फिरून १९०५ वर येतेच. १६ डिसेंबर, कार्डिफ आर्म्स पार्क, वेल्स ३, न्यूझीलंड ०. न्यूझीलंडचा संघ त्या दौऱ्यात ३५ सामने खेळला, ३४ जिंकला, ९७६ गुण केले आणि समोरच्यांना जेमतेम ५९ करू दिले. हरला तो एवढा एकच सामना. टेडी मॉर्गनचा ट्राय (म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं), न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचा नाकारलेला ट्राय, न्यूझीलंडवाल्यांचं ‘हाका’ हे सामन्याआधीचं माओरी नृत्य संपल्यावर अख्ख्या मैदानाने उचलून धरलेलं वेल्श राष्ट्रगीत, हे सगळं इथे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं.

गंमत अशी, की यातली नावं सगळी मागच्या फळीतली. पळणारे, पास देणारे, कोपऱ्यात झेप घेणारे. पुढे मान खाली घालून रेटारेटी करणाऱ्या सात फॉरवर्डांची नावं विचारा, भलेभले दर्दी तिसऱ्या नावाला अडखळतात. हा धागा त्या सातांपैकी एकावर.

डेव्हिड जोन्स. आता वेल्समध्ये कुठल्याही गल्लीत दगड भिरकावला तर तो एखाद्या जोन्सलाच लागणार, त्यामुळे टोपणनावाशिवाय इथे कुणाचं चालत नाही. डेव्हिडचा झाला ‘दाई’, आणि अंगकाठी बघून पुढे लागलं ‘टारू’, म्हणजे बैल. उंची सहा फूट एक इंच, वजन सोळा स्टोन, म्हणजे शंभर किलोच्या वर. आजकाल एवढ्या वजनाचे गडी विंगवर पळतात, पण १९०२ साली हा माणूस स्क्रममध्ये शिरला की शेजारचे दोघे आपोआप आकसून घेत असणार.

काम कोळशाच्या खाणीत, मधे पोलिसात. क्लब मुख्यतः अ‍ॅबरडेअर, कनोन नदीच्या खोऱ्यातलं कोळशाचं गाव. हे महत्त्वाचं आहे, कारण त्याआधी वेल्सचा संघ म्हणजे बंदरांच्या शहरांचा कारभार होता. कार्डिफ, न्यूपोर्ट, स्वानसी, लानेल्ली. १८८४ पासून कार्डिफने चार थ्री-क्वार्टरची, म्हणजे मागच्या फळीत पळणाऱ्यांची, पद्धत आणली, वेल्सने ती उचलली आणि १८९३ त पहिला ट्रिपल क्राउन (एकाच हंगामात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांना हरवणं) मारला. मागे एक माणूस वाढला म्हणजे पुढे नऊचे आठ झाले. पळण्यात वेल्स पुढे गेला, पण रेटण्यात इंग्लंड आणि स्कॉटलंडचे फॉरवर्ड त्यांना चेंदून काढायचे. मग निवड समितीची नजर वर, खोऱ्यांकडे गेली. खाणकामगार, पोलीस, गोदी कामगार. त्यांना ‘रोंडा फॉरवर्ड’ असं नावच पडलं. त्यातला डिक हेलिंग्ज १९०० साली ग्लॉस्टरला इंग्लंडविरुद्ध हाताचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत खेळला, वर ट्रायही करून गेला. दाई टारू याच पठडीतला.

पहिला सामना जानेवारी १९०२, इंग्लंडशी, ब्लॅकहीथला. वेल्स ९-८ जिंकला. तोही कसा, तर डिकी ओवेन या स्क्रम-हाफने (स्क्रममागून चेंडू काढून पळणाऱ्यांकडे देणारा) चेंडू उचलल्याची अशी काही हूल दिली की इंग्लंडचा हाफ ऑफसाइडमध्ये धावत आला, पेनल्टी मिळाली आणि ती सत्कारणी लागली. त्या वर्षी ट्रिपल क्राउन, १९०५ त पुन्हा ट्रिपल क्राउन, वर्षाअखेर न्यूझीलंड. १९०६ पर्यंत दाईचे १३ आंतरराष्ट्रीय सामने झाले.

आणि १९०७ त वेल्श फुटबॉल युनियनने (तेव्हा रग्बीच्या संघटनेचं नाव हेच होतं) त्याच्यावर कायमची बंदी घातली. आरोप : खेळायचे पैसे घेतले.

बंदी आल्यावर तो सरळ नॉर्दर्न युनियनकडे, म्हणजे पुढे जिला रग्बी लीग म्हणू लागले तिकडे गेला. मर्थर टिडफिलकडून खेळला. १ जानेवारी १९०८ ला न्यूझीलंडचा व्यावसायिक संघ वेल्सशी खेळायला आला, आणि तो सामना ठेवला होता कुठे? अ‍ॅबरडेअरलाच. ज्या गावात त्याच्या नावाला काळं फासलं, त्याच गावात. वेल्स ९, न्यूझीलंड ८. त्या संघात दाई होता. न्यूझीलंडला रग्बीच्या दोन्ही प्रकारांत हरवणारा हा पहिला खेळाडू.

पुढे महायुद्धात वेल्श गार्ड्समध्ये गेला, सोमच्या लढाईत जखमी झाला, १९३३ च्या जानेवारीत वारला.

माझं म्हणणं एवढंच : हा माणूस विस्मरणात गेला त्याचं कारण तो फॉरवर्ड होता हे अर्धंच. उरलेलं अर्धं युनियनने केलं. वाद घालायचा असेल तर या.

———

चहाबाज :

मस्त लिहिलंय. पण आमच्यासारख्या अडाण्यांसाठी जरा खाली या. फॉरवर्ड नेमकं करतो काय? आणि स्क्रम म्हणजे ते खेकड्यासारखं एकमेकांत अडकून ढकलतात तेच ना?

———

कार्डिफवासी :

चहाबाज, तेच. चेंडू मधे टाकतात, दोन्हीकडचे रेटतात आणि पायाने चेंडू आपल्या बाजूला ओढतात. तो मागे निघाला की पळणाऱ्यांचं काम सुरू. चेंडूच आला नाही तर टेडी मॉर्गन काय वारा खाणार?

१९०५ चा सामना इथेच ठरला म्हणून जरा खोलात जातो. तोवर ब्रिटनमध्ये पद्धत अशी की जो फॉरवर्ड आधी पोचला तो पुढच्या रांगेत, बाकीचे मिळेल तिथे घुसायचे. न्यूझीलंडवाल्यांनी प्रत्येकाची जागा ठरवून दिली होती. सात जण, २-३-२ अशी रचना, पुढे फक्त दोघे. पाचरीसारखी. आठवा माणूस, त्यांचा कप्तान डेव्ह गॅलाहर, स्क्रममध्ये जायचाच नाही. तो ‘रोव्हर’. चेंडू आत टाकायचा आणि मग समोरच्या स्क्रम-हाफच्या वाटेत नेमका उभा राहायचा. इंग्रजी वर्तमानपत्रं याला चीटिंग म्हणून बोंबलत होती, पण उपाय कुणाकडे नव्हता.

वेल्सने बोंब न मारता नक्कल केली. आठाचे सात फॉरवर्ड केले आणि क्लिफ प्रिचर्डला आपला रोव्हर नेमला. शिवाय एक बारकी युक्ती. समोरचे दोघे आधी खाली वाकले, त्यांची डोकी कुठे जातायत हे दिसलं, की मगच वेल्सची पुढची रांग अशी घुसायची की बाहेरचं डोकं आपलं राहील. ज्या बाजूने चेंडू आत येतो तिथे आपला माणूस असला की ओढणं सोपं. ओढायला जॉर्ज ट्रॅव्हर्स होता, न्यूपोर्टच्या गोदीत कोळसा भरणारा. हुकर म्हणून खास तेवढंच काम करणारा वेल्सचा पहिला माणूस तोच. आणि त्याच्या मागे रेटा द्यायला आपला बैल. दुसरीकडे रेफरी जॉन डॅलस गॅलाहरच्या चेंडू टाकण्यावर शिट्टीवर शिट्टी मारत होता, तो भाग वेगळा.

ट्राय आला तो असा : ओवेनने उजवीकडे जायचं नाटक केलं, पर्सी बुश तिकडे ओरडत पळाला, न्यूझीलंडचा बचाव त्याच्यामागे. ओवेनने वळून चेंडू डावीकडे फेकला, क्लिफ प्रिचर्डने तो पायाजवळून उचलला, त्याच्याकडून रीस गेब, गेबकडून मॉर्गन, आणि कोपरा. तेव्हा ट्रायचे तीन गुण. संपला हिशोब.

———

वकीलसाहेब :

लेख उत्तम, निष्कर्ष भावनिक. नियम हौशी खेळाचा होता. पैसे घ्यायचे नाहीत हे माहीत असताना घेतले, तर शिक्षा होणारच. ज्याला पैसे हवे होते त्याच्यासाठी नॉर्दर्न युनियनचा रस्ता १८९५ पासून मोकळा होता. हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लब जमले आणि उघडपणे बाहेर पडले. दाईला आधीच जायला कुणी अडवलं होतं?

———

कोळसेवाला :

वकीलसाहेब, माझी अख्खी नोकरी कोळशाच्या खाणीत गेली, म्हणून राहवत नाही.

त्या काळच्या वेल्सच्या खाणीत कोळसा फोडणारा माणूस टनावर कमवायचा. किमान मजुरीचा कायदा आला १९१२ साली. खाली उतरलास, कोळसा काढलास, वर आलेल्या डब्यावर तुझी खूण असली, तर पैसे. सामन्यासाठी एडिंबरा का डब्लिन, जाऊन येऊन तीन दिवस गेले तर तीन दिवसांचा खाडा. घरभाडं, वाण्याची उधारी, पोरं, यातलं काही थांबत नाही. डॉक्टर असेल, वकील असेल (तुम्हाला नाही बोलत) तर त्याला तीन दिवसांची सुट्टी म्हणजे सहल. खाणवाल्याला चुलीचा प्रश्न.

आणि वर पुन्हा तो मैदानात मार खाऊन येणार. सोमवारी खांदा उचलला नाही तर पुन्हा खाडा. मी बघितलंय, साधा मनगटाला मुका मार लागला तरी फावडं नीट चालत नाही. हौशी खेळ हा शब्द ज्यांनी काढला त्यांनी हातात फावडं धरलेलं नव्हतं.

———

कार्डिफवासी :

कोळसेवाला काका, नेमकं बोललात. आणि हीच मागणी आधी झाली होती. १८९३ साली यॉर्कशायरवाल्यांनी इंग्लंडच्या युनियनपुढे ठराव मांडला की बुडालेल्या मजुरीची भरपाई तरी द्या. पगार नाही हो, भरपाई. लंडनच्या सभेत तो २८२ विरुद्ध १३६ ने पडला. दोन वर्षांनी क्लब फुटले ते यातूनच. नॉर्दर्न युनियनने सुरुवातीला दिवसाला सहा शिलिंग भरपाई ठरवली होती. सहा शिलिंग!

वकीलसाहेब, आता तुमच्या ‘नियम तो नियम’ कडे येतो. आर्थर गूल्ड. न्यूपोर्टचा सेंटर, वेल्सचा पहिला खरा सुपरस्टार, २७ सामने, त्यातल्या १८ मध्ये कप्तान. धंदा कंत्राटदारीचा, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. १८९६ त चाहत्यांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली. पैसे इतके जमले की त्यातून त्याला घर द्यायचं ठरलं. आंतरराष्ट्रीय बोर्ड म्हणालं, हा सरळसरळ मोबदला, हे चालणार नाही. वेल्श युनियनने काय केलं? गूल्डला दंड? छे! युनियन स्वतः बोर्डातून बाहेर पडली. १८९७ त आयर्लंड आणि स्कॉटलंड वेल्सशी खेळलेच नाहीत. आणि ईस्टरच्या सोमवारी न्यूपोर्टला मोठी मेजवानी झाली, त्यात घराची कागदपत्रं गूल्डच्या हातात दिली कुणी, तर युनियनच्या अध्यक्षांनी.

घर घेणारा कप्तान आदरणीय. दहा वर्षांनी खाणीतला फॉरवर्ड चार पैसे घेतो तर कायमचा बाद.

अजून एक. १९०५ त आर्म्स पार्कवर समोर उभ्या न्यूझीलंडच्या प्रत्येक खेळाडूला दौऱ्यात दिवसाला तीन शिलिंग हातखर्च मिळत होता, त्यांच्या संघटनेच्या संमतीने. स्कॉटलंडने त्यावर नंतर बराच थयथयाट केला. पण त्या खेळाडूंना कुणी कायमचं हाकललं नाही.

———

वकीलसाहेब :

गूल्डचं उदाहरण बिनतोड वाटतं, पण ते उलट बाजूने वाचून बघा. वर्गणी उघड होती, जाहीर होती, गूल्डने खेळून मागितली नव्हती. शिवाय तो तोवर निवृत्तीलाच आलेला, १८९७ च्या इंग्लंडच्या सामन्यानंतर पुन्हा वेल्सकडून खेळलाही नाही. वेल्स १८९८ त बोर्डात परतला तोही याच अटीवर. म्हणजे एकदा सगळ्यांशी वैर घेऊन झालं होतं. १९०७ त पुन्हा तसं केलं असतं तर वेल्स खेळणार कुणाशी? शिवाय त्याच वर्षी मर्थर आणि एब्बू वेल हे क्लब नॉर्दर्न युनियनला जाऊन मिळाले. घराच्या पायरीवर शत्रू आला की युनियन दांडका काढणारच. मी त्याला न्याय म्हणत नाही, पण नुसती जातकुळी बघून केलेला अन्याय असंही म्हणणार नाही.

———

कार्डिफवासी :

घाबरून दांडका काढला हे शंभर टक्के मान्य. पण दांडका कुणाच्या पाठीत बसला ते बघा ना. मोठ्या क्लबांत सामन्यानंतर बुटात नाणी सापडायची हे वेल्समध्ये उघड गुपित होतं. त्याकडे काणाडोळा केला नसता तर अर्धा संघ रात्रीच्या गाडीने उत्तरेकडे गेला असता. शिक्षा कुणाला करायची तर खोऱ्यातल्या क्लबला. तिथे वर्तमानपत्रांचे संपादकही जेवायला येत नाहीत.

आणि बंदी उठवता येत नव्हती असंही नाही. स्वानसीचे डेव्हिड आणि इव्हान जेम्स हे भाऊ, तांब्याच्या कारखान्यातले कामगार, १८९२ त मँचेस्टरकडच्या ब्रॉटन रेंजर्सकडे गेले आणि व्यावसायिक ठरले. १८९६ त त्यांना परत घेतलं! १८९९ त इंग्लंडविरुद्ध दोघे हाफ म्हणून खेळले, वेल्स २६-३ जिंकला, आणि त्याच महिन्यात दोघे बाडबिस्तरा घेऊन पुन्हा उत्तरेत. म्हणजे गरज होती तेव्हा नियम वाकला. हाफ होते हो ते. चेंडू हाताळणारे. फॉरवर्ड बदलून मिळतो अशी समजूत तेव्हाही होती, आजही आहे.

———

प्राजक्त :

वाचनखूण साठवली. फॉरवर्डांचा विषय आहेच तर जेहोयडा हॉजेसला विसरू नका. त्याच सातातला, न्यूपोर्टचा. १९०३ त स्वानसीला इंग्लंडविरुद्ध कप्तान टॉम पिअरसन जखमी होऊन बाहेर गेला. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. हॉजेसला स्क्रममधून काढून विंगवर उभं केलं आणि पठ्ठ्याने तीन ट्राय केले. वेल्स २१-५. पुढच्या सामन्यात पुन्हा आपला स्क्रममध्ये मान खाली.

युद्धाबद्दल थोडं अजून लिहाल का? दाई जखमी झाला म्हणालात, बाकीच्यांचं काय झालं?

———

कार्डिफवासी :

प्राजक्तताई, हॉजेसची आठवण काढलीत, बरं वाटलं.

युद्धाचं थोडक्यात. चार्ली प्रिचर्ड, सातातलाच, न्यूपोर्टचा कप्तान राहिलेला. साउथ वेल्स बॉर्डरर्समध्ये कॅप्टन होता. ऑगस्ट १९१६ त जर्मन खंदकावर रात्रीचा छापा घातला, कैदी धरून आणायचा होता. जबर जखमी झाला, १४ तारखेला गेला. त्याआधी महिनाभर, ७ जुलैला, मॅमेट्झच्या जंगलात माउंटन अ‍ॅशचा डिक थॉमस पडला, तोही वेल्सचा फॉरवर्ड आणि पोलीस. समोरचा गॅलाहर १९१७ च्या ऑक्टोबरात पाशेंडेलच्या लढाईत गेला. दाईची वेल्श गार्ड्स ही तुकडी तर १९१५ तच उभी राहिलेली, नवीकोरी. वर्षभरात ती सोमच्या आघाडीवर होती. युनियनने जन्मभर बाद केलेला माणूस सैन्याला मात्र लगेच चालला.

आर्थर हार्डिंगचं वेगळंच. तोही सातातला. १९०८ त ब्रिटिश संघ घेऊन न्यूझीलंडला गेला, आणि पुढे तिथेच जाऊन स्थायिक झाला.

———

खिडकीतला_कावळा :

ते सगळं ठीक. डीन्सचा ट्राय होता की नव्हता, एवढंच सांगा.

———

कार्डिफवासी :

आला का विषय! डीन्स म्हणाला रेषेपलीकडे टेकवला होता आणि मला मागे ओढलं, तशी तारही त्याने दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’ला केली. गेब म्हणाला, मी धरल्यावर तो पुढे सरकायची धडपड करत होता, म्हणजे पोचला नव्हता. रेफरी डॅलस साध्या कपड्यांत, मागून पळत येणारा. डीन्स १९०८ त, चोविसाव्या वर्षी गेला, त्यामुळे वाद कायमचा गोठला. मी कार्डिफमध्ये राहतो, मला इथे भाजी घ्यायला बाहेर पडायचं असतं. नव्हता ट्राय.

———

चहाबाज :

हाहा. बरं, शेवटची शंका. लीगमध्ये गेल्यावर दाईचं भलं झालं का? चार पैसे तरी मिळाले?

———

कार्डिफवासी :

फार काळ नाही. नॉर्दर्न युनियनला वाटलं होतं की खोऱ्यांत आपलं पीक जोरात येईल. १९०७ त मर्थर आणि एब्बू वेल, १९०८ त अ‍ॅबरडेअर, बॅरी, मिड-रोंडा, ट्रीहर्बर्ट असे क्लब एकापाठोपाठ निघाले. पण सामने खेळायचे तर लँकशायर-यॉर्कशायरला जायचं, म्हणजे सगळा गल्ला रेल्वेच्या तिकिटांत. खोऱ्यांत तोवर सॉकरनेही पाय रोवले होते. बरेचसे क्लब एखाद-दुसऱ्या हंगामात बसले. मर्थरने १९११ त गाशा गुंडाळला, एब्बू वेलने १९१२ त. उत्तरेत ज्यांचं बस्तान बसलं ते हाफ, सेंटर, विंगर असे. पुढच्या काळातल्या बिली बोस्टन या विंगरपर्यंत ती रांग जाते, पण त्यांच्यावर स्वतंत्र धागा हवा. प्राजक्तताई, हॉजेस तुम्ही घ्या. जेम्स बंधू मी घेतो, पुढच्या आठवड्यात टाकतो.

———

वकीलसाहेब :

जेम्स बंधूंच्या धाग्यावर विरोधी पक्ष हजर राहील.